पाणी चाखून पाहिले

जामखेड,
सोमवार, १४ मे १९७३

भिमाजी मिस्त्री यास,

सकाळी साडेपाचला उठलो. टँकर काल आला नव्हता, आज आला. दोन घागरी आणि एक बादली भरली. आठला कचेरीत गेलो. साडेदहाला चौकशीच्या साहेबांनी बोलावलं, सव्वा तासाने सोडलं. सुटीत खोलीवर येऊन सकाळची भाकरी खाल्ली. परत गेलो. सहाला आलो. आता हे लिहायला बसलो आहे.

ओळख पटावी म्हणून लिहितो. मी उत्तमराव गव्हाणे, ओव्हरसियर. १९६६ साली मोहरवाडीच्या शाळेचं काम माझ्या देखरेखीखाली झालं आणि मिस्त्री तू होतास. तुझा खडकीचा पत्ता तुझ्या आईकडून, राहीबाईंकडून, शिपायामार्फत मागवला.

तुला कळलं असेल. नसेल तर सांगतो. तीन एप्रिलला, मंगळवारी, पावणेअकराच्या सुमारास त्या शाळेच्या वऱ्हांड्याचा स्लॅब पडला. पाच फूट पुढे काढलेला, खांब नसलेला, तोच. पोरं पटांगणात लिंबाखाली सुखडीच्या खाऊच्या रांगेत उभी होती म्हणून वाचली. एक शिक्षिका आतून पातेलं आणायला निघाल्या होत्या. त्या स्लॅबखाली सापडल्या. त्या माझ्या पत्नी, मनकर्णा. साईटवर तू त्यांना एकदा पाहिलं आहेस, नारळ फोडला त्या दिवशी.

त्यांची मोहरवाडीला बदली मीच करून घेतली होती. दोन वर्षं झाली. इथून एस.टी.ने जाऊन-येऊन करता येतं आणि इमारत आपल्या हातची आहे, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

सात वर्षांत आपलं बोलणं नाही. त्याचं कारण इथे लिहीत नाही. पत्राचं काम वेगळं आहे. मला पुढील गोष्टींचा खुलासा हवा. वऱ्हांड्याच्या सळईवर काँक्रीटचं आवरण किती ठेवलं होतं? सळई माणसांच्या पायाखाली दबली होती का? वाळू कोणत्या ओढ्याची आणली? सिमेंट प्रमाणात पडलं का?

पाण्याबद्दल प्रश्न नाही. पाणी मी चाखून पाहिलं होतं आणि तशी नोंद साईटच्या वहीत माझ्या सहीने आहे.

मजूर सोसायटीच्या कागदांवर मिस्त्री म्हणून तुझं नाव आहे. ते माझ्या जबाबात आलं. यावंच लागलं. पोलीस खडकीला येतील. घाबरू नये, खरं ते सांगावं.

उत्तमराव गव्हाणे


जामखेड,
रविवार, ३ जून १९७३

श्री. भिमाजी यांस,

आज सुटी. सकाळी कपडे धुतले. मनकर्णाची एक चोळी अजून माझ्या कपड्यांत निघते. तीही धुतली आणि दोरीवर वाळत टाकली. नंतर लक्षात आलं.

तुमचं कार्ड बुधवारी आलं. मागच्या पत्रात मी अरे-तुरे केलं होतं. साईटवरची सवय. सात वर्षांनी ती चालवायला नको होती.

तुम्ही चारच ओळी लिहिल्या आहेत. बाई गेल्या, वाईट झालं, त्यांनी तुमच्या बहिणीच्या, चांगुणाच्या, पोरीला अक्षर शिकवलं, हे एक. आवरण पुरं एक इंच होतं, सळईखालचे ठोकळे तुम्ही स्वतःच्या हाताने पाडले, हे दुसरं. पोलीस येऊन गेले आणि कारखान्यात मुकादमाने त्यावरून विचारलं, हे तिसरं. चौथी ओळ अशी: "पाण्याचं तुम्हाला माहीत. तांब्या कुठं ओतलात तेही."

आवरणाचं तुमचं म्हणणं खरं निघालं. ते कळवण्यासाठीच लिहीत आहे. पुण्याच्या एका कॉलेजातले प्राध्यापक आले होते. वय तिशीच्या आत, डोक्यावर सोला हॅट, हातात लहान हातोडा. दिवसभर ढिगाऱ्यात बसून होते. त्यांना तुमचे ठोकळे सापडले. तार बसवताना तुम्ही अंगठ्याने दाबत होता. प्रत्येक ठोकळ्यावर अंगठ्याचा खळगा आहे. त्यांनी पट्टी लावून मोजलं. एक इंच. एकही कमी नाही. म्हणाले, "हा मिस्त्री कोण? माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला हवा."

सळई त्यांनी भिंतीजवळ मोडली तिथून काढली. आपण अर्ध्या इंचाची घातली होती, ती करंगळीच्या नखाएवढी राहिली होती. बाकीचा नुसता गंज, पापुद्रे सुटलेला. हाताने चुरगळला. मी विचारलं, "सिमेंटात बुजवलेलं लोखंड गंजतं कसं? बाहेरची सळई गंजते, आतली नाही, असं आम्ही शिकलो."

ते म्हणाले, "बरोबर शिकलात. सिमेंटात चुन्याचा अंश असतो. त्याने लोखंडावर एक बारीक पापुद्रा धरतो, डोळ्यांना दिसत नाही इतका. तो आहे तोवर लोखंड शंभर वर्षं तसंच राहील. पण मीठ आत गेलं की तो पापुद्रा जागोजाग फुटतो. मग गंज धरतो. आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आतून काँक्रीट उचकटतो. वरून माणसाला फक्त एक चीर दिसते."

मग विचारलं, "इथे समुद्र नाही. मीठ आलं कुठून? पाणी कुठलं वापरलंत?"

मी म्हणालो, "पिण्याचं."

"कुणाच्या पिण्याचं?"

मी म्हणालो, "गावाच्या."

त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता तांब्याचं. तुम्ही लिहिलंत म्हणून लिहितो. त्या दिवशी सरपंच आणि गावचे चार लोक तिथे उभे होते. त्यांच्यासमोर मला वेगळं करता येत नव्हतं. तुम्हीही त्याच मुलखातले आहात, तुम्हाला हे समजेल.

उत्तमराव


जामखेड,
गुरुवार, २१ जून १९७३

श्री. भिमाजी यांस,

तुमचं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

आज कचेरीत काम नव्हतं. उपअभियंता साहेबांनी बोलावून समोर खुर्ची दिली. एरवी देत नाहीत. म्हणाले, प्राध्यापकांचा कागद आला आहे. काँक्रीटमध्ये मिठाचा अंश फार आहे. मीठ एक तर वाळूतून आलं, नाही तर पाण्यातून. पाणी चाखल्याची नोंद तुमच्या सहीने आहे, म्हणजे पाणी सुटलं. राहिली वाळू. वाळू मिस्त्रीने आणली. वऱ्हांड्याची वाळू शेवटी आणलेली, खोल्यांची आधीची. म्हणजे दोष वऱ्हांड्यापुरता. खोल्या ठीक आहेत.

मी म्हणालो, "खोल्या उघडून पाहायला हव्यात."

ते म्हणाले, "गव्हाणे, दुष्काळ आहे. वाड्या-वस्त्यांवर खडी फोडायला माणसं बसलेली आहेत. आता शाळा कुठं फोडत बसता? अकरा तारखेपासून वर्ग भरलेतसुद्धा. सोळा जुलैला शेवटची सुनावणी. तुमचा जबाब आहे तोच ठेवा."

मी 'हो' म्हणून आलो. हे तुम्हाला कळवणं माझं काम होतं. कळवलं.

आता एक गोष्ट आहे, ती कुणालाच सांगितलेली नाही.

मनकर्णाने मला गेल्या दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं. वऱ्हांड्यात भिंतीला लागून तांबूस ओघळ आले आहेत, आणि वर गच्चीत, स्लॅब भिंतीला मिळतो तिथे, एक चीर पडली आहे. ती शिडी लावून वर चढली होती. साडीचा काठ फाटला म्हणून मी तिला रागावलो. ती म्हणाली, "काठ शिवता येईल, तुमची चीर कशी शिवणार?"

एका रविवारी मी स्वतः गेलो. पाहिलं. चीर बोटभर रुंद नव्हती, पण सरळ होती, दोरी धरून आखल्यासारखी, बरोबर सळईच्या वरून. ओव्हरसियरला अशी चीर पाहून कळायला हवं. मला कळलं. मी सिमेंटची खीर करून तिच्यात भरली, वरून हात फिरवला आणि खालचे ओघळ चुन्याने झाकले. पोरांनी पाणी आणून दिलं. वर रिपोर्ट केला असता तर कुणी विचारलं असतं, पाणी कुठलं होतं. म्हणून केला नाही.

मार्च महिन्यात गावची गोडी विहीर आटली. बाकीचं तुम्हाला आईकडून समजलं असेल. तुमच्या वस्तीची विहीर तेवढी टिकली आणि सगळं गाव तिथं लागलं. शाळेतही तेच पाणी यायला लागलं. एके दिवशी मनकर्णा सरबताच्या बाटलीत ते पाणी भरून घेऊन आली. बाटली ओट्यावर ठेवली.

म्हणाली, "चाखा."

मी म्हणालो, "काय आहे?"

"बौद्धवाड्यातलं पाणी. तुमच्या शाळेचं. मी विचारलं बायांना. रंगुबाई म्हणाली, ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. मी करून पाहिली, खरंच शिजत नाही. अहो, डाळ शिजत नाही त्या पाण्यात तुम्ही अख्खी शाळा शिजवलीत?"

ती हसत होती. मी म्हणालो, "सरकारी कामातलं तुला काय कळतं?"

"सरकारी नाही कळत. डाळ कळते." मग बाटलीकडे बोट करून, "एक घोट घ्या. मी रोज घेते. मेले का मी?"

मी घेतला नाही. बाटली फळीवर ठेवली. पुढच्या मंगळवारी ती गेली.

बाटली तिथंच आहे.

उ. गव्हाणे


जामखेड,
रविवार, ८ जुलै १९७३

भिमाजीराव यांस जयभीम.

हा शब्द मी पहिल्यांदाच लिहितो आहे. तोंडाने कधी म्हटलेला नाही. बरोबर लिहिला असेल असं धरतो.

आज सकाळच्या गाडीने मोहरवाडीला गेलो. एकटाच. शाळा बंद होती, रविवार. खिडकीतून वर्गात पाहिलं. तिसरीच्या वर्गात छताला, मधोमध, तांबूस डाग आहे. पुसून टाकता येईल एवढाच. मी बराच वेळ तिथं उभा होतो. मग तुमच्या वस्तीकडे गेलो.

तुमच्या आई दारात गोधडी शिवत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण उठल्या नाहीत. मी उभाच राहिलो. त्या म्हणाल्या, "बसा की. का उभ्याउभ्याच जायचंय, मागल्या टायमाला गेल्तासा तसं?"

मी ओट्यावर बसलो.

"बाई लई चांगल्या हुत्या," त्या म्हणाल्या. "हितं बसून भाकर खायच्या. तुमी बसता तिथंच. म्या म्हनायची, बाई, सायेब रागं भरतील. त्या म्हनायच्या, सायेबाला कोन सांगतंय?"

मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं ती डबा परत आणायची, त्यात कधी कधी भाकरी तशीच असायची. मला वाटायचं, भूक नसते.

मी विचारलं, "आता विहिरीवर गर्दी असते का?"

"आता पाऊस झाला, गावची हिर भरली, गेली मंडळी. पर चार म्हैने बगाया पायजे हुतं तुमी. सरपंचाच्या घरची घागर आमच्या रांगंत. एक घोट घ्यायचं अन् थुकायचं, पर प्यायचं. म्या म्हनायची, अवं थुकू नका, आमी जलमभर गिळतोय." त्या हसल्या. मग सुई थांबवून म्हणाल्या, "माज्या भिमाच्या दारात पोलीस गेले. त्यानं काय केलं वो सायेब? त्यो तर म्हनत हुता, हे पानी घेऊ नका."

त्यांनी सुई पुन्हा चालवली.

"त्या रोजी त्यो तांब्या म्या चिंच लावून घासला हुता. बगा. सकाळच्याला घासला. भिमा म्हनला, आई, सायेबाची रीत हाय, काम सुरू व्हायच्या आदी पान्याचा घोट घेत्यात. म्हनलं, घरात पितळंचा योकच हाय, लख करून देते. तुमी घेतलासा. म्हनलं, बरं झालं, घेतला. मंग..." त्यांनी हाताने दाखवलं. तांब्या कसा तिरपा केला ते. हात तसाच ठेवला थोडा वेळ.

भिमाजीराव, मागे मी लिहिलं की सरपंच आणि चार लोक उभे होते. नव्हते. नारळ फुटला, प्रसाद झाला आणि गावची माणसं गेली. मनकर्णाही त्यांच्या बायकांबरोबर हळदीकुंकवाला गेली. मागे तुम्ही, तुमच्या आई आणि मी, एवढेच होतो. कुणीही पाहत नव्हतं. मी प्यायलो असतो तर गावात कुणाला कळलं नसतं. नगरच्या हॉटेलात मी कुणाच्याही हातचं खातो, कपबशी कोण धुतो हे कधी विचारत नाही. तरी त्या दिवशी हात तोंडाकडे गेला नाही. तांब्या थंड होता, त्याला चिंचेचा वास येत होता, इतकं जवळ आणलं होतं. मग सिमेंटच्या ढिगाशी ओतला आणि म्हणालो, "चांगलं आहे."

तुम्ही म्हणालात, "साहेब, चाखलं न्हाई तुमी. मचूळ हाय. गावच्या हिरीचं आणू द्या, तुमी सांगितलं तर भरू देतील."

मी म्हणालो, "तुम्ही पिता ना हे?"

तुम्ही म्हणालात, "आमी पितो."

मी म्हणालो, "मग झालं. माणूस पितो ते काँक्रीटला चालतं." आणि वहीत लिहिलं, पाणी चाखून पाहिले, पिण्यालायक आहे. माझे पहिले साहेब मला शिकवून गेले होते की पाण्याची परीक्षा जिभेवर, कागदावर नाही. त्यांच्या त्या शिकवणीचाच शब्द मी खोट्या सहीला लावला.

पुढे स्लॅब मुरावा म्हणून त्यावर मातीची आळी करून तेच पाणी तुम्ही तीन आठवडे साठवलंत, मी सांगितलं म्हणून. उन्हाने आटलं की वर पांढरी खपली धरायची. तुम्ही ती खरवडून तळहातावर मला दाखवलीत. "जीभ लावून बगा, साहेब." मी म्हणालो, "चुना आहे." त्यानंतर तुम्ही माझ्या हाताखाली काम केलं नाही. मी लोकांना सांगितलं, मिस्त्री चढेल आहे.

निघताना तुमच्या आई म्हणाल्या, "सायेब, चांगुणाची पोर तिसरीत हाय. त्या वर्गात बसती. छत बरं हाय नव्हं?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी गोधडी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "मंग हितं मला का सांगता? जिथं सांगायचं तिथं सांगा."

पोर उद्यापासून शाळेत जाणार नाही, एवढं त्यांनी केलं. बाकीची एकोणचाळीस जातील. सोळा तारखेपर्यंत थांबायचं नाही असं येताना गाडीत ठरवलं होतं. शाळेचे हेडमास्तर इथेच राहतात. उतरल्यावर त्यांच्या घरी गेलो आणि तेवढा वर्ग देवळात बसवा, असं सांगितलं. कारण विचारलं तर डाग दाखवा म्हणालो. माझं नाव सांगा म्हणालो नाही. हे लिहितो, कारण नाही लिहिलं तर तुम्हाला मी होतो त्यापेक्षा बरा वाटेन.

उत्तम गव्हाणे


जामखेड,
मंगळवार, १७ जुलै १९७३

भिमाजीराव यांस जयभीम.

काल सुनावणी झाली. सोबत माझ्या नव्या जबाबाची नक्कल जोडली आहे, साहेबांचा शिक्का आहे. खडकीच्या पोलिसांना आणि तुमच्या मुकादमाला दाखवावी. आणखी एक नक्कल इथल्या फौजदारांना दिली आहे.

कसं झालं ते लिहितो. तुम्ही तिथे नव्हता आणि तुमच्याबद्दलच चाललं होतं.

चौकशीच्या साहेबांनी पहिला जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "कायम?" मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "कुठला भाग?" मी म्हणालो, "पाण्याचा. पाणी मी चाखलं नव्हतं. मिस्त्रीने मचूळ आहे म्हणून दोनदा सांगितलं होतं."

उपअभियंता साहेब खुर्चीत हलले. चौकशीचे साहेब बरे आहेत, वयस्कर आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "गव्हाणे, घरातलं माणूस गेलं की माणूस सगळं स्वतःवर ओढून घेतो. मी समजू शकतो. बाहेर जा, चहा घ्या, मग लिहू."

मी बाहेर गेलो. चहा घेतला. परत आलो आणि तेच सांगितलं.

त्यांनी विचारलं, "मग चाखलं का नाहीत?"

मी म्हणालो, "विहीर बौद्ध वस्तीची होती."

कारकून माझ्याकडे पाहायला लागला. त्याने विचारलं, "साहेब, हे असंच लिहायचं?" मी म्हणालो, "असंच लिहा. आणि पुढे लिहा, त्या वेळी गावातलं कुणीही हजर नव्हतं. मला कुणी अडवलं नव्हतं." त्याने लिहिलं. दिवाळीच्या आधी चीर बुजवली तेही सांगितलं. ते लिहिताना त्याने दोन वेळा शाई भरली.

उपअभियंता साहेब बाहेर आल्यावर म्हणाले, "गव्हाणे, बायकोला मारल्याचं स्वतःच्या हाताने लिहून दिलंत तुम्ही." ते रागाने म्हणाले. पण त्यांचं चुकलेलं नाही.

प्राध्यापकांना तार गेली आहे. खोल्यांची छतं तेच येऊन उघडतील. तोवर इमारतीला कुलूप. चार वर्ग मारुतीच्या देवळात आणि तीन तुमच्या वस्तीच्या समाजमंदिरात बसवायचं ठरलं. सरपंच कुरकुरले. हेडमास्तर म्हणाले, "चार महिने पाणी चाललं, सावली चालंल."

मी निलंबित आहे. पुढे खटला होईल. तो व्हावा. ह्यातलं काही मी तुमच्यासाठी केलं असं मनात आणू नये. मे महिन्यात केलं असतं तर तसं म्हणता आलं असतं. पोलीस तुमच्या दारात माझ्या शब्दाने आले, ते मागे नेण्याइतकंच हे आहे. माफी मागण्याचा विचार होता, पण तुम्हाला उत्तर द्यायला लावणं बरं नाही. तुमच्या आईंची मात्र मी काल संध्याकाळी मोहरवाडीला जाऊन मागितली. त्या म्हणाल्या, "बरं," आणि गोधडी पुढे घेतली.

हे पत्र दुपारी लिहितो आहे. कचेरी नाही, म्हणून साडेअकराला स्टोव्ह पेटवला. तुरीची वाटीभर डाळ निवडली. मनकर्णा निवडायची तशी, ताट तिरपं धरून. मग फळीवरची बाटली काढली. बूच घट्ट बसलं होतं, चाकूने काढावं लागलं. पाणी स्वच्छ दिसतं. बाटलीच्या गळ्याशी मात्र पांढरं कडं धरलं आहे. सगळं पातेल्यात ओतलं आणि डाळ टाकली.

इथपर्यंत लिहिताना मध्ये तीनदा उठून पाहिली.

उत्तम

ता. क. दोन वाजले. अडीच तास झाले. डाळ फुगली आहे, फुटलेली नाही. दाताखाली कचकचते. मीठ घातलं नव्हतं तरी चव खारी आहे. हिंग-मोहरीची फोडणी दिली, भाताबरोबर वाढून घेतली आणि पातेलं पुसून संपवली. राख लावून पातेलं घासलं, धुतलं आणि ओट्यावर पालथं घातलं.